बगलेची पट्टी

"बगलेत हात घालून बघ. बोट जिथं मऊ लागंल, तिथं मरण हाय. तिथं सूत चालत न्हाई, चामडंच घालायचं."

शालूबाई हे पहिल्याच रविवारी म्हणाल्या, आणि त्यांनी माझाच हात धरून माझ्या बगलेत दाबला. बाकीच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं. मरणाचं नाव निघालं होतं, पण गुदगुल्या झाल्या होत्या.

कुंडलच्या बाहेर, द्राक्षबागांच्या मधे, बेदाण्याचं एक जुनं शेड आहे. पत्रे गंजल्यावर मालकानं ते सोडून दिलं आणि नाथाजींनी मागून घेतलं. नाथाजी सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले. दर रविवारी ते तिथं शिवकाळातल्या विद्यांचा वर्ग भरवायचे. एका बाजूला पोरं-पोरी लाठी आणि दांडपट्टा फिरवायची. दुसऱ्या बाजूला जुनी हातकामं चालायची. अंबाडीचा दोर वळायचा, पागोटं बांधायचं, आणि लढणाऱ्यानं अंगात घालायची कापडी बंडी शिवायची. बंडी म्हणजे जाड सुती कापडाचे अकरा पदर एकावर एक घालून, वाकळ शिवतात तशा धावदोऱ्यानं शिवलेली. टाका मात्र वाकळीपेक्षा दाट, करंगळीच्या नखाएवढा. हे शिकवायला शालूबाई म्हसवडकडून एसटीनं यायच्या. माणदेशातल्या बाई, सत्तरीच्या पुढच्या, वाकळा शिवण्यात जन्म गेलेला.

मला तिथं नाथाजींनीच बोलावलं. मी म्हणाले, "आवं, मी नियमाची बाई. शस्त्राला हात लावणार नाही. चामड्याला तर नाहीच."

"काकी, तुमी मारायचं शिकूच नका," नाथाजी म्हणाले. "तुमी वाचवायचं शिवा."

हे मला पटलं. मुलगा, नाव त्याचं अतिशय, पुण्याला नोकरीत, घरी मी आणि हे दोघंच. सकाळी डोंगरावरच्या पार्श्वनाथाचं दर्शन, गाळलेलं पाणी, जाप, दिवस मावळायच्या आत जेवण. या सगळ्यात माझे हात बराच वेळ रिकामे असायचे. चामडं न वापरण्याचा आणि त्याला हात न लावण्याचा नियम मी आर्यिका माताजींपुढे घेतला, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

तर अकरा पदरांची बंडी बगलेत तशी ठेवता येत नाही. हात वर व्हायला पाहिजे. म्हणून तिथं पदर दोनच ठेवायचे, आणि पदर कमी म्हणून आतून चामड्याची पट्टी लावायची. बाकीच्या बायका पट्टी आपापली शिवायच्या. माझ्या बंड्यांची पट्टी शालूबाई शिवायच्या, आणि शिवताना मला बोलल्याशिवाय राहायच्या नाहीत.

"देवबाई, तुझा देव चामड्याला भितो व्हय गं? आमच्या सिद्धनाथाम्होरं ढोल वाजतो, त्याला काय कापड लावत्यात?"

"देव भित नाही, शालूबाई. मी भिते."

"मग भी. पण माझ्याकडनं शिवून घ्यायचं इसरू नको."

त्या पोरींमध्ये क्रांती होती. गावातल्या भाऊसोंची थोरली मुलगी, एकवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे धावायची, संध्याकाळी गोळाफेक. लाठी दोन्ही हातांनी फिरवायची तेव्हा लाठी दिसायचीच नाही, नुसता वारा ऐकू यायचा. तिला माझ्या नियमाची फार गंमत वाटायची. शिवणात माझं लक्ष लागलं की वेळ कळत नाही, हे तिनं ओळखलं होतं. दर रविवारी पलीकडून ओरडायची, "काकी, साडेपाच! सुई ठेवा, जेवायला पळा, न्हाईतर पाप लागंल!" आणि सगळे हसायचे. दोन वर्षांत तिनं मला एकदाही उशीर होऊ दिला नाही.

तिच्या जोडीला राजवर्धन. तो पट्टा फिरवायचा. दोघांचा एक खेळ होता, त्यासाठी माणसं लांबून यायची. क्रांती मधे उभी राहून लाठी डोक्यावर फिरवायची, आणि राजवर्धन तिच्याभोवती फिरत तिच्या उचललेल्या हाताखालून पट्ट्याचा वार काढायचा. पट्ट्याची धार बोथट केलेली असते, तरी पातं लवचीक आणि टोक ते टोकच. पातं बंडीला घासून जायचं, फर्र असा आवाज व्हायचा, आणि लोक श्वास सोडायचे.

यंदा गणपतीत पलीकडच्या गावच्या मंडळानं हा खेळ ठेवला. क्रांतीची जुनी बंडी खांद्यात तंग झाली होती. नवी मी शिवायला घेतली. तिच्यासाठी म्हणून टाका आणखी बारीक घातला. बगलच तेवढी राहिली होती, तेव्हा शालूबाईंना ताप भरला आणि त्यांचं येणं थांबलं. त्यांनी माणसाबरोबर चामड्याच्या दोन पट्ट्या कापून पाठवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून. मग फोन केला.

"तुला चालत न्हाई, मला ठाव हाय. कुणाकडनंबी शिवून घे. पण घातल्याबिगर पोरीला देऊ नको. शब्द दे."

"दिला," मी म्हणाले.

ती पुडी मी हातात घेतली नाही. आणणाऱ्या माणसाला गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवायला सांगितलं. आमचं दशलक्षण पर्व सुरू झालं होतं. त्या दहा दिवसांत मी एकदाच जेवते आणि दिवसाचा बराच वेळ मंदिरात असते. दुसऱ्या बाईकडे जाऊन "हे एवढं शिवून दे" म्हणायला अर्धा तास लागला असता. पण पर्वात ती पुडी पिशवीत घालून गावातून न्यायची, दुसरीच्या ओट्यावर बसून तिच्या हातातल्या चामड्यावर नजर ठेवायची, हे मला नको वाटत होतं. उद्या, परवा, असं केलं. मग एका दुपारी मनात आलं, चामडंच कशाला? ट्रकवर टाकतात ते जाड कापड घरात होतं. त्याची चार पदरी घडी केली. दाभण घालून बघितला. दाभण अडकला. मला फार बरं वाटलं. पोरीचंही रक्षण झालं आणि माझ्या हातून कुठल्या जनावराचं कातडंही गेलं नाही, असं वाटून मी ती घडी बगलेत शिवून टाकली आणि वर अस्तर घातलं. बाहेरून काही कळत नव्हतं.

तो पर्वाचा तिसरा दिवस होता. उत्तम आर्जव. मन, बोलणं आणि वागणं एका सरळ रेषेत ठेवायचा दिवस. सकाळीच मी त्यावर प्रवचन ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी नाथाजी बंडी न्यायला आले. अंगठ्यानं दाबून बघितली.

"दणकट हाय काकी. बगलंचं काम झालं न्हवं?"

"झालं, बंद केली बगल," मी म्हणाले.

खोटं एक अक्षर नव्हतं. नियम असलेलं माणूस सहसा खोटं बोलत नाही. शब्द निवडतं.

खेळ पर्वातल्या सुगंध दशमीला होता. त्या संध्याकाळी आम्ही बायका मंदिरात धूप खेवत, म्हणजे अग्नीत टाकत होतो. धुरानं डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात दाराशी कुणीतरी म्हणालं, भाऊसोंच्या पोरीला पट्टा लागला, बगलेत शिरला, सांगलीला नेलंय. माझ्या हातात धुपाची चिमूट होती. ती मी अग्नीत टाकली की खाली पडली, मला आठवत नाही.

सूत ओढ सहन करतं. सुईसुद्धा अडवतं. पण लवचीक पातं वाकून, जोर साठवून येतं आणि टोकानं सुताचे धागे बाजूला सारून आत जातं. चामडं त्याला घसरवून देतं. शालूबाईंना हे माहीत होतं, त्यांच्या आईलाही माहीत असेल. मला दाभण माहीत होता.

जीव वाचला. रक्त फार गेलं होतं, डॉक्टरांनी दोनदा शस्त्रक्रिया केली. पण खांद्यातून हाताकडे जाणारी नस तुटली होती. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. बोटं हलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर वाट बघा, पण फार आशा धरू नका.

भाऊसोंनी राजवर्धनवर तक्रार दिली. निष्काळजीपणानं वार केला म्हणून. त्याचं सैन्यातल्या निवडीचं सगळं झालं होतं, धावणं, लेखी, वैद्यकीय. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जायचा होता. आता कसला दाखला?

चौथ्या दिवशी नाथाजी आमच्या ओट्यावर आले. हातात खताची रिकामी पिशवी, तोंड बांधलेली.

"दवाखान्यात कापून काढलेली बंडी हाय," ते म्हणाले. "तुमची तुमाला आणून दिली."

बाजूला बसले. पाणी दिलं ते प्याले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी उसवून बघितली, काकी."

हे दारातच उभे होते.

"जबाबाला बोलावतील तुमाला," नाथाजी म्हणाले. "बंडी बरोबर हुती, एवढंच म्हणा. मी बी तेच सांगतो. चाळीस पोरं हायत वर्गात. आज बंडीत खोट निघाली तर उद्या वर्गाला टाळं. आणि तुमचं नाव पेपरात, ते बी मंदिरातल्या बाईचं."

"आणि राजवर्धन?"

"त्यो जवान हाय. त्याचं बघू काहीतरी." पण हे म्हणताना ते उठून उभे राहिले आणि टोपी सारखी करत गेले.

दुसऱ्या दिवशी राजवर्धन स्वतःच आला. त्याचे डोळे सुजले होते. मला वाटलं, यालाही कळलंय. तो अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, येक इचारू? तुमी जवळनं बघितलाय आमचा खेळ. दोन वर्षं त्योच वार. त्या दिवशी मी काय येगळं केलं?"

गोठ्याजवळ पडलेली वेताची काठी उचलून तो मला दाखवायला लागला. पाऊल, कंबर, मग हात. काठी हवेत अर्धी फिरवून थांबला.

"हितं. हितं माझं मनगट वाकलं असंल का? मी झोपलो की हेच दिसतंय. कवा वाटतंय वाकलं, कवा वाटतंय न्हाई. तुमची नवी बंडी बघून मी बिनघोर हुतो. म्हटलं काकीचा टाका हाय, काय हुतंय? म्हणून जरा जोर लावला असंल का मी?"

पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबला. त्याच्यामागे गोठ्याच्या कोनाड्यात ती पुडी होती, तशीच बांधलेली. त्याच्या खांद्यावरून मला दिसत होती.

"बस, बाळा. चहा घे," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. तो बसला नाही.

त्या संध्याकाळी मी शालूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"शब्द दिलाव्ता तू," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग मला सांगून काय उपेग, बाई? माझी बगल न्हाई फाटली." आणि फोन ठेवला.

पर्व संपलं. क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही एकमेकांना हात जोडून उत्तम क्षमा म्हणतो, वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतो. मंदिरात मी साठ-सत्तर माणसांना म्हटलं असेल. जावेला, शेजारणीला, पुजाऱ्याच्या लहान मुलीलासुद्धा. सगळ्यांनी हसून हात जोडले. जीभ इतकी सहज वळत होती की मलाच तिची लाज वाटायला लागली. दुपारी मी सांगलीची एसटी धरली.

क्रांती खाटेवर उशीला टेकून बसली होती. उजवा हात पोटावर ठेवलेला, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. डाव्या हातानं ती मोबाईलवर काहीतरी लिहायचा प्रयत्न करत होती. मला बघून हसली. भाऊसो, तिचे आण्णा, बाहेर औषधं आणायला गेले होते.

मी हात जोडले. "उत्तम क्षमा, क्रांती."

"आवं काकी, मला काय हात जोडताय? कशाबद्दल?"

मी खाटेवरची चादर सारखी करायला लागले. तिला वाटलं, मी नेहमीसारखी रीत पाळतेय. तीच बोलत राहिली.

"राजानं मुद्दाम न्हाई केलं, मी आण्णांना सांगितलं. पर आण्णा ऐकत न्हाईत. आता मलाबी कळत न्हाई, काकी. रोज तिथनंच वार जायचा. त्यादिवशी त्याचं ध्यान कुठं हुतं काय म्हाईत. राग येतो त्याचा कवातरी. मग वाटतं, माझाच हात खाली आला असंल." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "गोळा उजव्यानंच टाकायची मी. डाव्यानं टाकून बघायला पायजे. लय लांब न्हाई जायचा, पर बघायला पायजे."

नर्स आली, सुई टोचून गेली. क्रांतीनं तोंड वाकडं केलं नाही. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"काकी, साडेपाच. जावा आता. वाटंत कुठं जेवणार? दिवस मावळंल."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"मी सोमवारी येते," मी म्हणाले. "तू कशाबद्दल म्हणालीस ना, ते सांगायला येते."

"कशाबद्दल काय?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू जरा कमी झालं. "या. नक्की या, काकी."

त्या दिवशी परत येताना सूर्य मावळला. मी जेवले नाही. हा उपवास नव्हता.

ठाण्यात जाऊन खरं सांगणार, असं मी घरी सांगितलं. हे म्हणाले, "माताजींना विचार. प्रायश्चित्त देतील. आठ उपवास, सोळा उपवास. तू करशील. पोलिसात कशाला? पोरीचा हात परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग?"

"ती रागावते ते चुकीच्या माणसावर रागावते," मी म्हणाले. "आणि तो झोपत नाही."

"भाऊसो घरावर येईल. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अतिशयच्या सासरचे काय म्हणतील?" त्यांचा आवाज चढला, मग उतरला. "मुद्दाम केलंस का तू?"

"मुद्दाम नाही. पण विचारलं तेव्हा शब्द निवडून बोलले. ते मुद्दाम केलं."

ते अंगणात जाऊन उभे राहिले. मी जाप करायला बसले. त्या रात्री मणी एकशे आठ झाले की दोनशे सोळा, मोजता आलं नाही.

सोमवारी सकाळी देवदर्शन केलं. पाणी गाळलं. खताची पिशवी उघडून बंडी बाहेर काढली. रक्त वाळून कापड कडक झालं होतं. उसवलेल्या बगलेतून माझ्या चार पदरी घडीच्या कडा बाहेर आल्या होत्या, मधोमध बोटभर चीर. माझे टाके मात्र एकही तुटले नव्हते. बंडी घडी करून परत पिशवीत ठेवली.

मग गोठ्यात गेले. चामड्याचं काही उचलायचं तर चिमटा शोधायची सवय हाताला झाली होती. हात थांबवला आणि तसाच पुढे नेला. वर्तमानपत्र सोडलं. दोन पट्ट्या, वीतभर लांबीच्या, कडा घासून गोल केलेल्या, पोरीला टोचू नयेत म्हणून. एकीवर कोळशानं डावी, एकीवर उजवी अशी खूण. मी उजवी तळहातावर घेतली. वाकवून बघितली, वाकली आणि परत सरळ झाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. काही झालं नाही. वासरू पलीकडे दावणीला रवंथ करत होतं, त्याच्याकडे मात्र बघवलं नाही.

दोन्ही पट्ट्या मी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. आधी क्रांती, मग भाऊसो, मग ठाण्यात जबाब. एवढं मनात ठरवलं होतं. त्यापुढचं काही ठरवता येत नव्हतं.

हे ओट्यावर बसले होते. मी चप्पल घातली, प्लॅस्टिकची. त्यांनी वर बघितलं नाही, पण बाजूला ठेवलेली पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"गाळलेलं आहे," म्हणाले. "डबा पिशवीत ठेवलाय. दिवस असतानाच खा."

मी बाटली घेतली. एका हातात खताची पिशवी, दुसऱ्या हातात डब्याची. चौकात तीन-चार माणसं एसटीची वाट बघत होती. त्यांतल्या एकीनं विचारलं, "कुठं निघालात, चंदनबालाबाई, सकाळी सकाळी?"

"सांगलीला," मी म्हणाले. "क्रांतीनं बोलावलंय."

एसटी आली. मी पदराची गाठ मुठीत धरली आणि चढले.